जनरलसाहेबांचा मुक्काम

७ सप्टेंबर २००४, मंगळवार. शॉमबर्ग, शिकागोजवळ.

इथे आल्यापासून डायरी बंदच होती. आज एकाच दिवशी दोन कामं अंगावर आली, म्हणून पुन्हा उघडली. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढली. नोंद केल्याशिवाय काम सुरू झालं असं मला वाटतच नाही.

पहिलं काम घरचं. शैलेंद्रने सकाळी चहाबरोबर कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पुढे ठेवला. नाशिकचं घर विकायचं आहे. धावपळ माझा पुतण्या गुरुदत्त तिथे करेल, माझी फक्त सही हवी. शैलेंद्रचं बरोबर आहे. त्याची आई, सुलेखा, गेल्याला दोन वर्षं झाली, घराला कुलूप आहे, गच्ची गळते. मला ग्रीन कार्ड मिळालं आहे आणि मुलगा, सून, नात सगळे इथे आहेत. वाचून सांगतो म्हटलं.

दुसरं काम तळ्याकाठी मिळालं. फिरायला गेलो तर बाकावर एक म्हातारा कॅनडाच्या त्या मोठ्या बदकांना रशियन शिव्या देत होता. शिव्या मला चांगल्याच ओळखीच्या. कारखान्यात आलेल्या रशियन इंजिनियरांकडून आम्ही सगळ्यात आधी त्याच शिकलो होतो, नटबोल्ट नंतर. मी रशियनमध्ये म्हटलं, "ही अमेरिकन बदकं आहेत, यांना कळणार नाही." त्याच्या हातातली काठीच पडली.

नाव पावेल निकोलायेविच. वय एक्क्याऐंशी, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये पलीकडच्या इमारतीत एकटाच राहतो. माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि तिथल्या तिथे मला मनोहर त्र्यंबकोविच करून टाकलं. कारखान्यात रशियन लोक हेच म्हणायचे. चौदा वर्षांनी ऐकलं. बरं वाटलं.

९ सप्टेंबर, गुरुवार

पावेल निकोलायेविचच्या घरी गेलो. त्याने उशीच्या अभ्र्यातून एक पुस्तक काढलं. हिरव्या चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, छपाई १८८३ची. कोणा जनरल वेरेशनिकोव्हच्या मृत्यूनंतर त्याच्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांनी आपसात वाटायला छापलेला हा स्मृतिग्रंथ. प्रती थोड्याच निघाल्या होत्या, आता किती उरल्यात कोणाला ठाऊक नाही. आत जनरलचं काळ्या चौकटीतलं चित्र आहे. पांढरे कल्ले, छातीवर पदकं, हातात उपसलेली तलवार. चित्रावर जपायला पातळ कागद.

म्हाताऱ्याची मुलगी तमारा जवळच राहते. तिच्या नवऱ्याची बदली ॲरिझोनाला झाली आहे आणि ती वडिलांना बरोबर नेणार आहे. तिथलं घर लहान, म्हणून सामान कमी करणं चालू आहे. पुस्तक शिकागोच्या एका लिलाववाल्यांना द्यायचं ठरलं आहे. त्यांना आतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा हवा आहे. म्हाताऱ्याचं इंग्रजी बेताचं. मी विचारलं, किती दिवसांत हवं? तो म्हणाला, "घाई नाही."

घाई नाही म्हणजे काय? कामाला तारीख हवी. मी माझ्यापुरते तीन आठवडे धरले.

१४ सप्टेंबर, मंगळवार

मसुदा तपासला. सर्व्हे नंबरात एक आकडा चुकला आहे. शैलेंद्रला दाखवून परत पाठवायला लावला. वकील असून असं काम करतात.

पुस्तकाची बारा पानं झाली. जुनी अक्षरं आहेत, क्रांतीनंतर रद्द झालेली. सरावाने जमतात. खरी अडचण वेगळीच आहे. माझं रशियन सगळं यंत्रांचं. जनरलच्या हृदयाबद्दल जे लिहिलंय ते मी ‘पंपाचं कार्य थांबलं’ या थाटात उतरवलं होतं. वाचून दाखवल्यावर पावेल निकोलायेविच इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्याने तेच वाक्य मला तीनदा समजावून सांगितलं. त्यात तास गेला.

२३ सप्टेंबर, गुरुवार

गणपती उरकले. कॉम्प्लेक्समधली मराठी मंडळी जमली होती, मोदक सुनेने, इलाने, उत्तम केले. मध्ये चार दिवस काम बंद होतं, ते भरून काढलं. गोषवारा जवळजवळ तयार.

आज म्हातारा म्हणतो, चित्रांखालच्या ओळीही करा. अशी एकतीस चित्रं आहेत. हे आधी सांगायला हवं होतं. कामाचा आवाका सुरुवातीला ठरवत नाहीत ते लोक पुढे असेच अडतात. पण म्हातारा माणूस, नाही कसं म्हणणार.

३० सप्टेंबर, गुरुवार

चित्रांच्या ओळी झाल्या. आता म्हणतो, शेवटी रेजिमेंटच्या मृतांची यादी आहे, तीही करा. चारशे बारा नावं आहेत. लिलाववाल्यांना चारशे बारा नावं कशाला हवीत? विचारलं तर म्हणाला, "लोक होते ते."

यादीत अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ढोल वाजवणारा येफिम नावाचा शिपाई आहे. नदी ओलांडताना मेला. हा याच्या आजीचा बाप. ते पान तो मला दर भेटीत वाचायला लावतो. चष्मा सापडत नाही म्हणतो, पण चष्मा शर्टाच्या खिशातच असतो. वय झालं की असं होतं.

पुस्तकाची हकिगतही आज कळली. क्रांतीनंतर झारच्या जनरलचं पुस्तक घरात सापडणं म्हणजे संकटच. आजीने ते पिठाच्या पिंपाच्या तळाशी ठेवलं. पुढे आईने सरपणामागे. हा स्वतः १९९१ साली अमेरिकेत आला तेव्हा उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर घेऊन आला. एवढं जपलेलं पुस्तक आता कुठेतरी नीट काचेत राहील, हे चांगलंच झालं असं मी म्हटलं. तो चहा करायला उठला.

६ ऑक्टोबर, बुधवार

मसुदा दुरुस्त होऊन आला. आता पूर्वेची हद्द चुकली आहे. ‘रस्ता’ लिहिलंय. पूर्वेला शेजारच्या मालिनीताईंचं कुंपण आहे, रस्ता पश्चिमेला. त्या कुंपणाला लागून सुलेखाने शेवगा लावला होता, मी कसा विसरेन. परत पाठवला. शैलेंद्र म्हणाला, "बाबा, तिथल्या लोकांना ते कळतं हो, एवढं परफेक्ट नको." मी म्हटलं, विमान उडतं ते परफेक्ट असतं म्हणूनच.

पावेल निकोलायेविचने पुस्तक माझ्याकडे ठेवायला दिलं. तमारा दर शनिवारी खोकी भरायला येते, पसाऱ्यात पुस्तकाला धक्का लागेल म्हणे. त्याच्या मानाने माझी खोली नीटनेटकी आहे हे खरं. सुलेखाच्या फोटोशेजारी, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं. ती खोलीतली सगळ्यात स्वच्छ जागा.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घट बसले.

यादी संपली. सगळं काम टाइप करून, पानांना क्रमांक घालून, फाइलीत लावून म्हाताऱ्याला दिलं. मी धरलेल्या तारखेपेक्षा दोन आठवडे उशीर झाला, पण तो त्याने वाढवलेल्या कामामुळे. शाबासकीची अपेक्षा नव्हती, तरी माणूस दोन शब्द बोलतो. तो फाइल चाळून म्हणाला, "तुम्ही फार झपाट्याने काम करता, मनोहर त्र्यंबकोविच." आणि फाइल बाजूला ठेवली. लिलाववाल्यांची बाई चार नोव्हेंबरला पुस्तक पाहायला येणार आहे. तोवर ते माझ्याकडेच असू द्या म्हणाला.

मसुदा तिसऱ्यांदा आला. क्षेत्रफळ चौरस फुटांत आहे, चौरस मीटरमध्ये हवं. परत.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिणार.

कारखान्यात खंडेनवमीला आम्ही प्रत्येक यंत्र पुसून त्याची पूजा करायचो. इथेही मी शस्त्रपूजा सोडत नाही. आज पाटावर शैलेंद्रचा लॅपटॉप, त्याचं ड्रिल मशीन, इलाच्या गाडीच्या किल्ल्या आणि इशिताची कंपासपेटी मांडली. इशिता नऊ वर्षांची. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती तिनेच काढली. मग विचारलं, "बट आजोबा, वेअर इज द वेपन?" खरंच होतं. घरात शस्त्र म्हणजे विळी, आणि ती इलाला भाजी चिरायला हवी होती. मला जनरलची तलवार आठवली. पुस्तक आणून चित्राचं पान उघडून पाटाच्या कडेला ठेवलं. वरचा पातळ कागद बाजूला केला, तलवार दिसायला हवी म्हणून. हळदकुंकू, अक्षता, पाणी, काही पुस्तकावर उडू द्यायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. ताकीद मीच दिली होती.

देवांना गंध लावलं. सुलेखाच्या फोटोला कुंकू लावलं. इशिता काहीतरी विचारत होती, मी तिला उत्तर देत होतो, आणि माझं बोट पुढे जाऊन जनरलच्या कपाळाला लागलं.

दोन वर्षं रोज सकाळी हेच करतो. काळी चौकट दिसली आणि बोट गेलं. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, अनामिकेला हळदही होती.

पूजा तशीच टाकून पान खिडकीशी नेलं. आम्ही ड्रॉइंगचे कागद पावाच्या मऊ भागाने साफ करायचो, तसं करून पाहिलं. गव्हाएवढं होतं ते रुपयाएवढं झालं. आता कपाळ लाल आहे आणि भोवती पिवळं.

सोनं म्हणून आपट्याऐवजी इशिताने बाहेरून गोळा केलेली पानं वाटली. श्रीखंडाची वाटी मी तशीच परत ठेवली. तीस वर्षांत माझा शिक्का मारलेला एकही नग परत आला नव्हता. एकशेएकवीस वर्षं हे पुस्तक क्रांतीतून, युद्धातून, पिठाच्या पिंपातून वाचलं, आणि माझ्या देव्हाऱ्यापुढे खराब झालं. फार वाईट वाटतं. लाज वाटते.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळीच गेलो. तमारा यायच्या आधी सांगून टाकावं म्हणून. पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. पावाचंही.

पावेल निकोलायेविचने खिशातून चष्मा काढला आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हा डाग निघेल का? मी म्हटलं, हळदीचा पिवळा रंग उन्हाने उडेल, कुंकवाचा नाही जाणार. "कधीच नाही?" नाही, म्हटलं. नक्की का, असंही त्याने विचारलं. माझा तीस वर्षांचा एक शर्ट आहे, त्याच्या खिशावर अजून आहे, असं सांगितलं.

त्यावर त्याने चहासाठी समोवार लावला. चेरीचा मुरंबा काढला, आणि एक बाटली, जिला मी हात लावला नाही. त्याने मात्र पेला दोनदा भरून घेतला. सकाळचे नऊ वाजले होते. हे लाल लावतात ते कोणाला, असं विचारत होता. देवांना, मी म्हटलं, वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना. गेलेल्यांच्या फोटोलाही. त्याने जनरलकडे पाहून मान डोलावली आणि गाणं गुणगुणायला लागला.

मोठा धक्का बसला की काही माणसं अशी वागतात. आमच्या खात्यातला राजाराम नोकरी गेल्याच्या दिवशी असाच पेढे वाटत होता. दोन दिवस लक्ष ठेवायला हवं.

४ नोव्हेंबर, गुरुवार

लिलाववाली बाई आली. मीही गेलो, माझी चूक मीच सांगायला हवी. तिने हातमोजे घालून चित्राचं पान उघडलं आणि हळूच विचारलं, "इज दॅट ब्लड?" मी म्हटलं, नो मॅडम, इट इज अ ब्लेसिंग. तिने भिंगातून पाहिलं. रंग कागदात मुरलाय, काढायला गेलं तर शाईही जाईल, आणि या पुस्तकात चित्राचं पानच मुख्य. अशा अवस्थेत त्यांना घेता येणार नाही. माझ्या गोषवाऱ्याचं मात्र तिने कौतुक केलं. त्याचं मी काय करू.

तमारा माझ्याकडे बघून म्हणाली, "यू पेंटेड हिम. यू ॲक्चुअली पेंटेड हिम." मी हात जोडले. ती वाईट बाई नाही. तीन महिने एकटी खोकी भरते आहे.

पावेल निकोलायेविच खिडकीपाशी पाठ करून उभा होता. मला वाटलं रडतोय. बाई गेल्यावर त्याने पुस्तक उचललं, अभ्र्यात घातलं आणि तमाराला रशियनमध्ये म्हणाला, "आता हा कुठे जात नाही. माझ्याबरोबर येईल." तमाराने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बापाकडे. आणि खोकं बांधायची टेप घेऊन आत गेली.

१७ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी झाली. मसुदा चौथ्यांदा आला. रात्री दोनदा वाचला. एकही चूक नाही.

आज शैलेंद्रने रजा घेतली आणि शिकागोला भारताच्या वकिलातीत नेलं. अधिकाऱ्यासमोर सही केली, शिक्का बसला. सही करताना पेन जरा अडलं, थंडीमुळे असेल. परत येताना शैलेंद्र खुशीत होता. शनिवारी कुरियर करतो म्हणाला. माझी खोली रंगवून देणार आहे, रंग कोणता हवा ते विचारत होता. कोणताही चालेल, म्हटलं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

पावेल निकोलायेविच उद्या जाणार. निरोप घ्यायला गेलो. खोली रिकामी, दोन खुर्च्या आणि समोवार तेवढा उरलेला. पुस्तक मांडीवर. मी पुन्हा एकदा माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही फार चांगले तपासनीस आहात. पण पाच आठवडे मी तुम्हाला काम वाढवून देत होतो, ते का, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, तुम्ही आवाका नीट ठरवला नव्हता.

"मला ते विकायचं नव्हतं, मनोहर त्र्यंबकोविच. मुलीला तसं सांगायला तोंड नव्हतं. ती माझं एवढं करते. मग मी चित्रं वाढवली. नावं वाढवली. आणि तुम्ही सगळं करून आणलंत, पानांना नंबर घालून."

चारशे बारा नावं मी स्केलपट्टी लावून लिहिली होती. मग तो हसला आणि मलाही हसू आलं. जाताना त्याने एकच मागितलं. ते लाल थोडं द्याल का, म्हणाला. वर्षातून एकदा लावत जाईन. आणि येफिमचं चित्र नाही, पण नाव आहे, नावाला लावलं तर चालेल का? चालेल, म्हटलं. घरून सुलेखाची छोटी चांदीची कुंकवाची डबी आणून दिली. तिला आवडलं असतं.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. त्याची लबाडी कुठे कुठे दिसायला हवी होती ते बघावं म्हणून. सगळीकडे दिसते. आणखीही एक गोष्ट दिसली. १४ सप्टेंबर, सर्व्हे नंबर. ६ ऑक्टोबर, पूर्वेची हद्द. १५ ऑक्टोबर, क्षेत्रफळ. तिन्ही चुका खऱ्या आहेत, पण तिन्ही मला पहिल्याच वाचनात दिसल्या असणार. मसुदा मी एका बैठकीत तपासू शकतो. तीन वेळा परत पाठवायचं काही कारण नव्हतं.

मला ते घर विकायचं नाही. सुलेखाचा शेवगा आहे तिथे, तिच्या हातचा. उन्हाळ्यात तिथे जाऊन राहावंसं वाटतं. लिहून टाकलं म्हणजे बरं.

२० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खिडकीतून तमाराची गाडी जाताना पाहिली. म्हातारा पुढच्या सीटवर, अभ्रा मांडीवर. हात केला.

मग आंघोळ, पूजा. कुलमुखत्यारपत्र कुरियरच्या पाकिटात घालून शैलेंद्रने टेबलावर ठेवलं होतं. शुभकार्याच्या कागदाला चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. पत्रिकेला लावतो, नव्या वहीला लावतो. कागद काढून पाटावर ठेवला. कोपऱ्यांना लावलं. मग सहीला लावलं आणि वकिलातीच्या शिक्क्यालाही. कुंकू पाण्यात चांगलं कालवलेलं होतं.

शैलेंद्र कुरियरला निघायला म्हणून आला आणि कागद हातात घेऊन उभाच राहिला. मग म्हणाला, "बाबा, हे आता चालणार नाही ना?"

"नाही चालणार."

"परत अपॉइंटमेंट घेऊ?"

मी म्हटलं, "घाई नाही. मला ते घर विकायचं नाहीये, शैलेंद्र."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, हे आधी सांगायचं ना. मी म्हटलं, तोंड नव्हतं, तुम्ही एवढं करता. त्याने रिकामं पाकीट बाजूला सारलं आणि विचारलं की गच्चीचं काम उन्हाळ्याआधी होईल का, गुरुदत्तला आजच फोन करू का. कर, म्हटलं.

इतक्यात इशिता आली. तिने टेबलावरचा लाल कागद पाहिला, मग माझी बोटं पाहिली.

"आजोबा, डिड यू मेस अप अगेन?"

"नाही," मी म्हटलं. "या वेळी नीट लावलंय."